पोस्टग्रेसमधील नव्या क्वेरी-सुविधांची प्रकाशनयोग्यता

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीत एसक्यूएलची (डेटाबेसला क्वेरी, म्हणजे प्रश्न, विचारण्याच्या भाषेची) नवी वाक्यरचना पुढच्या मोठ्या आवृत्तीत राहू द्यायची की ऐनवेळी काढून घ्यायची, हे ठरवण्याची रीत. मोठी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. नव्या सुविधा स्वीकारणे एप्रिलच्या सुरुवातीला थांबते, त्याला फीचर फ्रीज म्हणतात. मे महिन्यात पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, येते. सापडलेल्या त्रुटी ‘ओपन आयटम्स’ या जाहीर यादीत चढतात. ९.६ आवृत्तीपासून (२०१६) या यादीवर रिलीज मॅनेजमेंट टीमची देखरेख असते. चर्चेतून मार्ग निघाला नाही, तर सुविधा मागे घेण्याचा निर्णय ही टीम देऊ शकते.

क्वेरीचे उत्तर बरोबर येते का, एवढे पाहून भागत नाही. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरवायच्या असतात आणि त्या काळातल्या छोट्या आवृत्त्यांत सिस्टिम कॅटलॉगची (डेटाबेस स्वतःची माहिती ठेवतो त्या तक्त्यांची) रचना बदलता येत नाही. शिवाय व्ह्यूची (नाव देऊन जपून ठेवलेल्या क्वेरीची) व्याख्या सर्व्हर पार्स केलेल्या, म्हणजे घटकांत फोडलेल्या, रूपात साठवतो आणि बॅकअप घेताना तिचे पुन्हा एसक्यूएल करून देतो. त्यामुळे चुकीची वाक्यरचना एकदा बाहेर पडली की लोकांच्या व्ह्यूंमध्ये आणि डम्प-फायलींमध्ये (बॅकअपच्या फायलींमध्ये) जाऊन बसते. संथ चालणारा कोड पुढे सुधारता येतो. वाक्यरचनेबाबत ती सोय नाही.

जुळणी पाहून नोंदी घालणारा, बदलणारा किंवा काढणारा ‘मर्ज’ हा आदेश एप्रिल २०१८ मध्ये, फ्रीजच्या तोंडावर, आवृत्ती ११ साठी स्वीकारला गेला. पार्सर (क्वेरी वाचणारा भाग) आणि एक्झिक्युटर (ती चालवणारा भाग) यांतील त्याच्या मांडणीवर आक्षेप आले आणि दोन आठवड्यांच्या आत तो काढण्यात आला. नव्या मांडणीसह तो आवृत्ती १५ मध्ये (२०२२) आला.

त्याच आवृत्ती १५ मधून एसक्यूएल/जेसनची फलने (जेसन या मजकूर-स्वरूपातील डेटा हाताळणारी फंक्शन्स) गेली, तीही बीटा सुरू झाल्यावर, सप्टेंबरच्या आरंभी. चूक आढळल्यास क्वेरी न तोडता ठरावीक मूल्य परत द्यायचे, ही ‘ऑन एरर’ कलमाची अपेक्षा. त्यासाठी अभिव्यक्तीचे मूल्यमापन चालू असतानाच सबट्रान्झॅक्शन (मुख्य व्यवहाराच्या आतला, वेगळा मागे घेता येणारा व्यवहार) उघडले जात होते. हा मार्ग खर्चिक, आणि त्या जागी तो सुरक्षित आहे का याचीही शंका. एसक्यूएलच्या मानकातली आणि बऱ्याच काळापासून हवी असलेली सुविधा इतक्या उशिरा काढणे अनेकांना जड गेले असणार; तरी निर्णय योग्यच म्हणावा लागतो. आवृत्ती १६ मध्ये ट्रान्झॅक्शन न मोडता चूक कळवणारी ‘सॉफ्ट एरर’ यंत्रणा तयार झाली, आणि आवृत्ती १७ मध्ये (२०२४) जेसन डेटा तक्त्याच्या रूपात दाखवणारे ‘जेसन_टेबल’ हे फलन अखेर प्रकाशित झाले.

क्वेरी-सुविधा नसली तरी कालाधारित प्रायमरी कीचे (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणाऱ्या, कालावधीही धरणाऱ्या कीचे) प्रकरण याच जातीचे आहे. एकाच ओळखक्रमांकाच्या दोन नोंदींचे कालावधी एकमेकांवर येऊ नयेत, हा तिचा नियम. पण रिकामा कालावधी कशावरच येत नाही! म्हणजे तसा कालावधी देऊन हुबेहूब सारख्या कितीही नोंदी घालता येत होत्या आणि प्रायमरी कीला अर्थ उरत नव्हता. मे २०२४ मध्ये, पहिल्या बीटाच्या आधी, ती मागे घेतली गेली. रिकामे कालावधी नाकारण्याची तरतूद करून ती आवृत्ती १८ मध्ये (२०२५) देण्यात आली.