एका बोर्डावर दोन कर्नल

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या ६४-बिट ओएसच्या मेमरी कार्डावरील बूट विभाग (यंत्र सुरू होताना वाचला जाणारा भाग) उघडून पाहिला, तर त्यात ‘कर्नल८.आयएमजी’ आणि ‘कर्नल_२७१२.आयएमजी’ अशा दोन फायली शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही लिनक्सचेच कर्नल, म्हणजे ओएसचे हार्डवेअर सांभाळणारे मध्यवर्ती भाग आहेत, दोन्ही एकाच मूळ कोडमधून तयार झाले आहेत आणि २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ या बोर्डावर दोन्ही चालतात. तरीही पाय ५ सुरू होताना आपण होऊन दुसरी फाईल उचलतो, आणि पाय ३ किंवा पाय ४ वर मात्र ती दुसरी फाईल चालतच नाही. कारण असे की, पहिला कर्नल मेमरीचे ४ किलोबाइटचे भाग पाडतो, दुसरा १६ किलोबाइटचे. आणि हा आकडा कर्नल कंपाइल होतानाच, म्हणजे मूळ कोडपासून चालणारी फाईल बनतानाच, कायमचा ठरून जातो. विशिष्ट प्रोसेसरसाठी कर्नलचे कॉन्फिगरेशन करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हे उदाहरण मला सर्वांत सोयीचे वाटते. कारण कोणती सोय हवी आणि कोणती नको हे ठरवणे त्यामानाने सोपे असते, पण कोणता निर्णय कंपाइल करतानाच घेऊन टाकायचा आणि कोणता यंत्र सुरू होईपर्यंत लांबणीवर टाकायचा, हे ठरवताना प्रोसेसरची खरी ओळख लागते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली घोषणा केली, तेव्हा हा कर्नल इंटेलच्या ३८६ प्रोसेसरशी इतका बांधलेला होता की तो दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगा नाही, असे त्यांनीच त्या घोषणेत सांगून टाकले होते. मार्च १९९५ मधील १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर आले आणि मूळ कोडची विभागणी आज आहे त्या धर्तीवर होऊ लागली: फायली साठवणे, नेटवर्क, प्रक्रियांचे वेळापत्रक असा सामाईक भाग एकीकडे आणि प्रत्येक प्रोसेसरकुळाचा खास भाग ‘आर्च’ नावाच्या फोल्डरमध्ये. कर्नलचा ताबा पहिल्या सूचनेपासून कसा घ्यायचा, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक) आल्यावर कोणती रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतले छोटे साठे) जपून ठेवायची, मेमरीचे पत्ते बदलून देणाऱ्या पेज-टेबलांची मांडणी कशी असेल, हे सारे या फोल्डरात असते. रिस्क-फाइव्ह हे प्रोसेसरकुळ २०१८ च्या जानेवारीत ४.१५ या आवृत्तीबरोबर आत आले, आणि त्याच वर्षी ४.१७ मध्ये फारसे कोणी वापरत नसलेली आठ प्रोसेसरकुळे एकदम बाहेर काढण्यात आली. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्या मूळच्या ३८६ ला तर २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीनेच निरोप दिला होता.

कॉन्फिगरेशनची यंत्रणा ‘के-कॉन्फिग’ या नावाने ओळखली जाते. मूळ कोडच्या जवळपास प्रत्येक फोल्डरमध्ये या नावाची एक साधी मजकूर-फाईल असते. तिच्यात प्रत्येक पर्यायाचे नाव, तो कोणत्या दुसऱ्या पर्यायावर अवलंबून आहे आणि थोडी मदत लिहिलेली असते. पर्यायांची एकूण संख्या दहा हजारांच्या पुढे आहे. बहुतेकांची उत्तरे तीनच प्रकारची असतात: कर्नलमध्येच बसवा, गरज पडेल तेव्हा चढवता येईल असे वेगळे मॉड्यूल करा, किंवा घेऊच नका. ‘मेक मेनूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर मेनू उघडतो, आणि शेवटी सर्व उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एकाच फाईलमध्ये जमा होतात. शून्यापासून सुरुवात कोणीच करत नाही. पाय ५ साठी रास्पबेरी पायच्या मूळ कोडमध्ये ‘बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग’ हा तयार उत्तरसंच आहे, तर पाय ३ आणि पाय ४ साठी ‘बीसीएम२७११_डेफकॉन्फिग’.

मात्र सर्वांत मोठा निर्णय या मेनूत कुठेच विचारला जात नाही. प्रोसेसरकुळ कोणते, हे ‘आर्च’ या चलातून आज्ञेबरोबरच सांगावे लागते. आपल्या लॅपटॉपवर, म्हणजे सहसा इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर, पायसाठी कर्नल कंपाइल करताना प्रत्येक आज्ञेत ‘आर्च’ची किंमत ‘एआरएम६४’ (पायच्या ६४-बिट प्रोसेसरचे कुळ) द्यायची आणि त्या कुळासाठी कोड बनवणारा क्रॉस-कंपायलरही नेमून द्यायचा, अशी रीत आहे. हे एकदा जरी राहून गेले, तर यंत्रणा काहीही कुरकुर न करता लॅपटॉपचेच प्रोसेसरकुळ गृहीत धरते, मेनूत एक्स८६ चे, म्हणजे इंटेल-एएमडीच्या कुळाचे पर्याय दाखवते, आणि त्या अवस्थेत फाईल जतन केली की एआरएमची आधीची खास उत्तरे पुसली जातात. तयार झालेला कर्नल का चालत नाही याचा शोध घेताना नवशिक्यांनी सर्वप्रथम इथेच पाहावे.

आता पेजकडे, म्हणजे कर्नल मेमरीचे जे भाग पाडतो त्यांच्याकडे वळू. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचे जे पत्ते दिसतात ते आभासी असतात; ते खऱ्या मेमरीतल्या पत्त्यांत बदलण्याचे काम प्रोसेसर पेज-टेबलांच्या आधारे करतो. हे एखाद्या गृहसंकुलातील इमारत आणि सदनिका यांच्यासारखे आहे: भाषांतरात फक्त इमारतीचा क्रमांक बदलतो, सदनिकेचा क्रमांक जसाच्या तसा राहतो. ४ किलोबाइटच्या पेजमध्ये पत्त्याचे शेवटचे १२ बिट जसेच्या तसे राहतात, १६ किलोबाइटच्या पेजमध्ये १४. टेबलही एका पेजएवढेच असते आणि त्यातील प्रत्येक नोंद ८ बाइटची असते. म्हणून लहान पेजच्या टेबलात ५१२ नोंदी मावतात आणि मोठ्या पेजच्या टेबलात २,०४८. याचा अर्थ टेबलांची प्रत्येक पायरी लहान पेजच्या बाबतीत ९ बिट सोडवते, तर मोठ्या पेजच्या बाबतीत ११. लहान पेज वापरून ४८ बिटांच्या पत्त्यापर्यंत पोहोचायला चार पायऱ्या लागतात, आणि मोठे पेज वापरले तर तीन पायऱ्यांतच ४७ बिटांपर्यंत जाता येते.

या पायऱ्या प्रत्येक वेळी चढाव्या लागू नयेत म्हणून प्रोसेसर अलीकडची भाषांतरे टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. पाय ५ मधील कॉर्टेक्स-ए७६ या गाभ्याच्या (प्रोसेसरच्या कोअरच्या) दुसऱ्या पातळीवरील टीएलबीत १,२८० नोंदी मावतात. पेज ४ किलोबाइटचे असेल तर तेवढ्या नोंदींत ५ मेगाबाइट मेमरी झाकली जाते, आणि १६ किलोबाइटचे असेल तर २० मेगाबाइट. व्हिडिओ किंवा मोठा डेटाबेस यांसारख्या, मेमरीत दूरदूर फिरणाऱ्या कामांना याचा फायदा मिळतो, आणि तोही प्रोग्रॅमची एक ओळ न बदलता.

याची किंमत मेमरीच्या रूपात मोजावी लागते. कर्नल डिस्कवरची फाईल वाचतो तेव्हा ती मेमरीत पूर्ण पेजांमध्येच ठेवली जाते. ३०० बाइटच्या फाईललाही एक अख्खे पेज लागते. अशा दहा हजार फायली वाचल्या की एका कर्नलमध्ये सुमारे ४० मेगाबाइट जातात आणि दुसऱ्यात सुमारे १६०. ज्या बोर्डावर मोजकीच मेमरी आहे तिथे हा फरक जाणवतो. सर्व्हरच्या जगातही हा हिशेब टळलेला नाही: रेड हॅट या कंपनीने एआरएमवरील आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीत ६४ किलोबाइटचे पेज ठेवले होते आणि ९ व्या आवृत्तीत नेहमीचा कर्नल पुन्हा ४ किलोबाइटवर आणला.

मेमरीपेक्षाही जास्त त्रास होतो तो पेज नेहमी ४,०९६ बाइटचेच असते असे धरून चाललेल्या सॉफ्टवेअरचा. एक्स८६ वर मूळ पेज दुसऱ्या आकाराचे नसतेच, त्यामुळे अनेक वर्षे हे गृहीतक कोणाला खटकले नाही. जेमॅलॉक हे मेमरीवाटपाचे लोकप्रिय ग्रंथालय पेजचा आकार कंपाइल होतानाच पक्का करून ठेवते. ४ किलोबाइट धरून तयार केलेली त्याची प्रत १६ किलोबाइटच्या कर्नलवर ‘पेजचा हा आकार चालत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते, आणि तिच्यावर उभा असलेला प्रोग्रॅमही तिथेच थांबतो. पाय ५ वर असा अनुभव आला, तर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाईलमध्ये कर्नल८ चे नाव देणारी एक ओळ लिहून ४ किलोबाइटचा कर्नल चालवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. खरी दुरुस्ती अर्थातच सॉफ्टवेअरमध्ये व्हायला हवी, आणि तिच्यामागे आता मोठा रेटा आहे: अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पेजची सोय आली, आणि ती आवृत्ती किंवा तिच्या पुढची आवृत्ती लक्ष्य धरून गूगल प्लेवर येणाऱ्या नव्या ॲप्सना आणि अद्ययावत आवृत्त्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून हे पेज चालणे बंधनकारक झाले.

हा निर्णय यंत्र सुरू होताना का घेता येत नाही? कर्नलच्या कोडमध्ये पेजचा आकार हा एक स्थिरांक असतो. त्याच्यावरून कंपायलर भागाकाराऐवजी बिट सरकवण्याची एकच सूचना घालतो, ॲरेंचे आकार ठरवतो, न लागणाऱ्या वाटा काढूनच टाकतो. स्थिरांकाचा चल केला की हे सारे हिशेब चालत्या कर्नलला करावे लागतील. आकार बूट होतानाच निवडता यावा, असा एआरएम६४ साठीचा एक प्रस्ताव २०२४ मध्ये कर्नलच्या विकसकांपुढे आला, तेव्हाही मुख्य पेच हाच होता. शिवाय प्रोसेसरलाही तो आकार झेपावा लागतो. पाय ३ मधील कॉर्टेक्स-ए५३ आणि पाय ४ मधील कॉर्टेक्स-ए७२ यांना १६ किलोबाइटचे पेज ठाऊकच नाही. असा कर्नल त्यांच्यावर चढवला, तर तो सुरुवातीच्याच सूचनांमध्ये प्रोसेसरचे ओळख-रजिस्टर वाचतो, सोय नाही असे पाहतो आणि एका छोट्या अनंत चक्रात जाऊन झोपतो. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही, कारण पडद्यावर लिहिण्याइतका कर्नल अजून उभाच राहिलेला नसतो.

याच्या अगदी उलट तऱ्हा अणुक्रियांची, म्हणजे दोन गाभ्यांनी एकाच वेळी हात घातला तरी तुटू नयेत अशा क्रियांची आहे. एआरएमच्या ८.० या पिढीत एखादी संख्या अशा रीतीने वाढवायची तर ती राखून वाचायची, वाढवायची, लिहून पाहायची आणि मध्येच कोणी ढवळाढवळ केली असेल तर पुन्हा सुरुवात करायची, असे चक्र लागते. ८.१ या पिढीने हेच काम एका सूचनेत आणले. हा पर्याय चालू ठेवून कंपाइल केलेल्या कर्नलमध्ये दोन्ही प्रकारचा कोड असतो. बूट होताना गाभा ओळखला जातो आणि योग्य वाटेला नेणारी सूचना कर्नल स्वतःच्याच कोडमध्ये बदलून टाकतो. त्यामुळे कर्नल८ पाय ४ वर जुन्या चक्राने आणि पाय ५ वर नव्या सूचनेने चालतो. असे पर्याय ‘आपल्याकडे नवा प्रोसेसर नाही’ म्हणून बंद करण्याची हौस काहींना असते. त्यातून वाचतात ते थोडेसे किलोबाइट.

बोर्डाचे वर्णनही असेच पुढे ढकलले गेले. एके काळी एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी सी-फाईल असे, आणि त्या पसाऱ्यावर टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे आणि त्याला कोणती इंटरप्ट जोडली आहे, ही माहिती डिव्हाइस-ट्री नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये जाऊ लागली, आणि डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकाच ३२-बिट कर्नलला निरनिराळ्या कंपन्यांचे एआरएम बोर्ड चालवता येऊ लागले.

प्रोसेसरमधल्या चुकांवरचे उपाय हा कॉन्फिगरेशनचा सर्वांत कमी वाचला जाणारा, पण सर्वांत बोलका भाग आहे. कॉर्टेक्स-ए५३ ची ८४३४१९ क्रमांकाची चूक पाहा. जवळपासच्या पेजचा पत्ता काढणारी एक सूचना जर ४ किलोबाइटच्या पेजच्या अगदी शेवटच्या दोन जागांपैकी एकीवर पडली आणि तिच्या मागोमाग ठरावीक क्रमाने मेमरीच्या सूचना आल्या, तर गाभा चुकीच्या पत्त्यावर वाचू किंवा लिहू शकतो. सिलिकॉन दुरुस्त करता येत नाही, म्हणून लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगून ती सूचना त्या जागी येणारच नाही किंवा तो क्रम मोडला जाईल, अशी व्यवस्था करावी लागते. एका सूचनेनेही कोड पुढे सरकला की ही चूक दिसू लागते किंवा नाहीशी होते, त्यामुळे ती अनुभवातून शोधून काढणे जवळजवळ अशक्य आहे. या पर्यायांच्या मदतीत ‘खात्री नसेल तर होय म्हणा’ असे लिहिलेले असते आणि ते शब्दशः पाळावे. फक्त पाय ५ साठीच कर्नल करत असाल तर ए५३ चा उपाय वगळता येईल, पण ए७६ च्या स्वतःच्या चुकांची यादीही त्याच मेनूत आहे आणि तिला हात लावू नये.

काटछाट करायचीच असेल तर ती ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये करावी. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा त्या क्षणी चढलेलीच मॉड्यूले ठेवते आणि बाकीची वगळते. म्हणून ती देण्यापूर्वी जोडता येण्याजोगे सर्व काही, कॅमेऱ्यापासून यूएसबी डिस्कपर्यंत, जोडून चालवून घ्यावे. ज्या कार्डावरून बूट व्हायचे त्याचा ड्रायव्हर आणि तिथली फाइलसिस्टिम मात्र मॉड्यूल न करता कर्नलमध्येच बसवावी, नाहीतर मॉड्यूल असलेल्या डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी तेच मॉड्यूल हवे असा पेच उभा राहतो आणि मूळ फाइलसिस्टिम सापडत नाही असे सांगून कर्नल थांबतो. कंपाइल करण्यापूर्वी ‘लोकलव्हर्जन’ या पर्यायात स्वतःची खूण घालावी, म्हणजे नवी मॉड्यूले वेगळ्या फोल्डरात जातील. नवा कर्नल बूट विभागात नव्या नावाने ठेवावा आणि ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ मध्ये ते नाव द्यावे. बोर्ड सुरू झाल्यावर ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ या आज्ञेचे उत्तर १६३८४ आले तर निवडलेले पेज मिळाले; बोर्ड सुरूच झाला नाही, तर कार्ड लॅपटॉपमध्ये घालून ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ मधील ते नाव देणारी ओळ काढून टाकावी, म्हणजे जुना कर्नल पुन्हा चालेल.