चीनप्रश्न, संसद आणि नाशिकची बिनविरोध निवडणूक : पार्श्वभूमी

१९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले, तेव्हा ते देशाचे संरक्षणमंत्री होते. संसदेचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला राज्यघटनेनुसार सहा महिन्यांच्या आत सदस्यत्व मिळवावे लागते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, दिल्लीत सूत्रे हाती घेणाऱ्या चव्हाणांना ते आधी राज्यसभेतून मिळाले आणि पुढे नाशिकने त्यांना लोकसभेत पाठवले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितले जाते. मात्र ही वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी रणभूमीइतकेच संसदेच्या कामकाजाकडेही पाहावे लागते.

आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. अमेरिकेत सिनेटच्या दोन तृतीयांश बहुमताशिवाय तह संमत होत नाही, तशी तरतूद आपल्या घटनेत नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी झालेला तिबेटविषयक भारत-चीन करार, ज्याच्या प्रास्ताविकात पंचशीलाची तत्त्वे होती, तो याच अधिकारात झाला. संसदेत त्यावर टीका झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यसभेत नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर, विशेषतः चीनवर टाकलेल्या विश्वासावर, कठोर प्रश्न उपस्थित केले. पण सत्ताधारी पक्षाचे बहुमत प्रचंड होते आणि सरकारच्या दिशेत फरक पडला नाही.

खरा बदल १९५९ मध्ये झाला. लडाखच्या पूर्वेकडील, भारत आपला मानतो त्या अक्साई चीनमधून चीनने बांधलेला रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला होता आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये भारताने त्याबद्दल चीनकडे निषेधही नोंदवला होता, पण संसदेला हे सांगितले गेले ते ऑगस्ट १९५९ मध्ये. त्याच महिन्यात पूर्वेकडील सीमेवर लाँगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली, सदस्य संतापले आणि ७ सप्टेंबर रोजी नेहरूंनी दोन्ही सरकारांमधील पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवली. माझ्या मते त्या दिवसापासून सीमाप्रश्न मुत्सद्द्यांच्या हातून निसटला. तोपर्यंत बंद फायलींमध्ये राहिलेली प्रत्येक भूमिका आता जाहीर झाली होती आणि तिच्यापासून तसूभर मागे येणे म्हणजे सभागृहात शरणागतीचा आरोप ओढवून घेणे होते. माहिती दडपल्याचा राग इतका होता की पुढची माहिती देतानाच सरकारने स्वतःचे हात बांधून घेतले, हा यातला विरोधाभास.

एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले, तेव्हा पूर्वेकडील भारताचा ताबा चीनने मान्य करावा आणि त्या बदल्यात भारताने अक्साई चीनवरील दावा सोडावा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पण त्याच्या आदल्याच महिन्यात, पूर्व पाकिस्तान सीमेवरील बेरूबारीच्या संदर्भात, देशाचा भूभाग परक्या राष्ट्राला द्यायचा तर घटनादुरुस्ती करावी लागेल, असे मत सर्वोच्च न्यायालयाने दिले होते. साहजिकच अशी देवघेव करण्यासाठी नेहरूंना त्याच संतप्त संसदेकडे जावे लागले असते. त्यांची मनातून तयारी होती की नाही, याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. वाट मात्र अरुंद झाली होती, हे निश्चित.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठा हल्ला केल्यावर दबावाचे स्वरूप बदलले. काँग्रेसच्याच खासदारांनी कृष्ण मेनन यांना संरक्षण खात्यातून हटवण्याचा आग्रह धरला आणि नेहरूंना तो अखेर मानावा लागला. अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह विरोधकांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली व ते ८ नोव्हेंबरपासून सुरू झाले. चर्चा बंद दाराआड घ्यावी, ही सूचना नेहरूंनी नाकारली. युद्ध सुरू असताना, सरकारवर उघड टीका होऊ शकेल अशा सभागृहात शेकडाहून अधिक सदस्य बोलले. १४ नोव्हेंबरला लोकसभेने ठराव केला की, संघर्ष कितीही दीर्घ आणि खडतर असो, आक्रमकाला भारताच्या भूमीवरून हुसकावून लावले जाईल. पुढच्या आठवडाभरातच आजच्या अरुणाचल प्रदेशातील सेला आणि बोमडिला ही ठाणी चीनच्या हाती पडली.

युद्धानेही संसद बदलली. १९६३ च्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी लोकसभेत पोहोचले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वातंत्र्यानंतरचा पहिला अविश्वास ठराव मांडला आणि तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. २ सप्टेंबरला चव्हाणांनी लष्करी पराभवाच्या चौकशीविषयी लोकसभेत निवेदन केले, पण या चौकशीचा मूळ अहवाल, म्हणजे हेंडरसन ब्रुक्स अहवाल, सरकारने सभागृहापुढे ठेवला नाही. याच काळात संरक्षण खर्चाला सभागृहाचा सर्वपक्षीय पाठिंबा मिळाला आणि १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला.

१९६२ चा ठराव संसदेने कधीही मागे घेतलेला नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारने चीनशी शांतता राखण्याचा करार केला, तो प्रत्यक्ष नियंत्रणरेषेपुरता होता. अंतिम सीमा ठरवण्याचा विषय त्यात नसल्याने घटनादुरुस्तीचा प्रश्न उद्भवला नाही आणि करारावर संसदेत मतदानही झाले नाही.