कॅडबरीच्या वडीतलं दूध

ठाण्यातला एक चौक 'कॅडबरी जंक्शन' म्हणून ओळखला जातो, आणि चॉकलेट कोणत्याही कंपनीचं असो, अनेक मराठी घरांत मुलं मागतात ती 'कॅडबरी'च. हे नाव इतकं रुळवणारी डेअरी मिल्कची वडी १९०५ साली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलच्या कारखान्यात जन्मली.

दुधाचं चॉकलेट तेव्हा नवीन नव्हतं. स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने १८७५च्या सुमारास ते जमवलं होतं. कॅडबरीनेही १८९७मध्ये प्रयत्न केला, पण दुधाच्या पावडरीमुळे वडी कोरडी, भरभरीत झाली आणि स्विस मालापुढे टिकली नाही. खरी अडचण पाण्याची. ताज्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं तरी साखर ते शोषून चिकटते. सगळ्याचा घट्ट गोळा होतो. जॉर्ज कॅडबरी ज्युनियर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या नव्या वडीत दुधाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. पुढे पक्की झालेली रीत अशी: दूध साखरेसह आटवायचं, त्यात कोकोचा लगदा मिसळायचा आणि सगळं वाळवून त्याचा चुरा करायचा. या चुऱ्याला 'क्रंब' म्हणतात. तापताना दुधातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन खव्याच्या वळणाची, किंचित खरपूस चव येते. डेअरी मिल्कची ओळख ती हीच. शिवाय क्रंब महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे वसंतात भरपूर मिळणारं दूध वर्षभर पुरवता येई. 'अर्ध्या पौंडाच्या वडीत दीड ग्लास दूध' ही जाहिरात १९२८ची.

भारतात कंपनी १९४८मध्ये आली, तीही आयात केलेला माल विकायला. ठाणे आणि तळेगावजवळचं इंदुरी इथले कारखाने नंतरचे.

जिभेवर वडी विरघळते ती कोको बटरमुळे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशामुळे. ते ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं. मात्र ते नीट गोठवावं लागतं: मिश्रण ४५ अंशांपर्यंत तापवून, २७पर्यंत उतरवून, पुन्हा ३०च्या जवळ आणलं की वडीला चकाकी येते आणि ती कट्‌कन तुटते. आपल्याकडच्या मे महिन्यात दुकानातच वडी मऊ होऊन पुन्हा गोठते, मग कोको बटर वर येऊन पांढुरके डाग पडतात. लोक बुरशी समजून ती फेकतात. वास ठीक असेल तर ती खायला हरकत नाही, फक्त तोंडात भुसभुशीत लागते.

फ्रिजमधून काढून लगेच उघडलेल्या वडीचं दुखणं वेगळं. तिच्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत थर राहतो. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडू नये. मुलं ऐकतील तर.