शिस्त की होयबागिरी?

जहाजावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलं की पोरांना शिस्त लागते, असं आपण सहज म्हणून जातो. पण पहाटेची कवायत, कडक इस्त्रीचा गणवेश आणि दर वाक्याला 'येस सर' यात दिसते ती शिस्तच असेल असं नाही. कधी ती निव्वळ होयबागिरी असते. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षाच्या, सिम्युलेटरवर उभं राहून बघा. अधिकारी म्हणतो, 'स्टारबोर्ड टेन', म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश. सुकाणूच्या जागी उभा असलेला विद्यार्थी तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि काटा दहा अंशांवर आला की तसं सांगतो. नवख्याला ही पोपटपंची वाटते. प्रत्यक्षात ती तपासणी आहे. अधिकाऱ्याला 'पोर्ट', म्हणजे डावीकडे, म्हणायचं होतं आणि तोंडून 'स्टारबोर्ड' निघालं, तर आपलेच शब्द परत कानावर पडताच तो सावरतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण वाक्प्रयोगांतही हुकूम असाच परत म्हणायला सांगितलंय. होयबाही शब्द परत म्हणतो, पण काट्याकडे न बघता. जहाज सुकाणूला जुमानत नसेल, तर ते त्याला कळणारच नाही. कळलं तरी साहेबांना सांगायला तो कचरेल.

खरा फरक बंद टाकीच्या तोंडाशी उघडा पडतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. पण बंद टाकीत पोलाद गंजतं आणि तो गंज ऑक्सिजन खात राहतो. ना वास, ना रंग. आत कुणी कोसळलाय आणि वरिष्ठ घाबरून ओरडतोय, 'उतर पटकन!' होयबा उतरतो. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच अनेकदा जिवाला मुकतात. शिस्त मुरलेला विद्यार्थी अलार्म देतो, श्वसनयंत्र मागवतो, आणि तोवर तोंडाशीच थांबतो. मित्र आत पडलेला दिसत असताना थांबणं किती जड जात असेल!

म्हणून मला कवायतीच्या गुणांचं फारसं कौतुक नाही. गाठी मारणं, रंग खरवडणं हेही हाताला वळण लावतंच. पण मी प्रशिक्षक असतो तर सरावाच्या टाकीशी आतली हवा तपासणारा गॅसमीटर मुद्दाम बंद ठेवून 'उतर' म्हटलं असतं, आणि 'सर, मीटर बंद आहे' एवढं कोण म्हणतं ते बघितलं असतं.