संग्रहालयातील व्याख्याने आणि हंगामी कार्यक्रम

संग्रहालयाच्या कायमच्या मांडणीला जोड म्हणून व्याख्याने, दालनातल्या गप्पा, प्रात्यक्षिके, मुलांच्या कार्यशाळा आणि मैफली होतात. ऋतू, सण किंवा सुट्ट्या धरूनही उपक्रम घेतले जातात. या सगळ्यांचा विचार एकत्र करावा लागतो. मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयाला हे कार्यक्रम नसले तरी चालून जाते, कारण तिथला बराचसा प्रेक्षक पहिल्यांदाच आलेला असतो. स्थानिक संग्रहालयाचे तसे नाही. गावातल्या माणसाने ते शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेले असते आणि त्याच्या लेखी तो विषय तिथेच संपलेला असतो. वस्तू त्याच, काचपेट्या त्याच, पाट्याही त्याच. मग त्याने पुन्हा का यावे? बदलता येण्याजोगी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे त्या वस्तूंविषयीचे बोलणे.

संग्रह आणि व्याख्यान यांची जोडी जुनी आहे. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडले तेव्हा त्याच्या इमारतीत तळघरात रसायनशाळा, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची जागा आणि वरच्या मजल्यावर संग्रह अशी रचना होती. मात्र ते बोलणे विद्यार्थ्यांसाठी आणि जाणकारांसाठी होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संग्रहालय पाहता यावे, याचा विचार १८५७ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने केला. दालनांत गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळीही खुले ठेवले गेले. आजच्या सायंकालीन कार्यक्रमांची सुरुवात तिथे दिसते. हंगाम धरून होणाऱ्या व्याख्यानांचा सर्वांत टिकाऊ नमुना मात्र संग्रहालयाबाहेरचा आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांच्या पुढाकाराने १८२५ पासून मुलांसाठी नाताळची विज्ञान व्याख्याने सुरू झाली; दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ती आजवर चालू आहेत.

प्रेक्षकाला दालनातच गाठून त्याच्याशी बोलायचे ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी त्यासाठी ‘डोसंट’ नावाचे निवेदक नेमले. ब्रिटिश म्युझियममध्ये १९११ मध्ये अधिकृत मार्गदर्शक आले. याच गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकव्या’वर एक लेख लिहिला. पेटीतल्या वस्तू नीट पाहण्यासाठी एका माणसाला किती वाकावे, मान वळवावी, गुडघे टेकावे लागतात, याची छायाचित्रेच त्यांनी त्यात दिली. त्यांचा रोख मांडणीवर होता, पण कार्यक्रम आखणाऱ्यालाही त्यातून शिकण्यासारखे आहे. उभ्याने पंचवीस वस्तू दाखवणाऱ्या फेरीत दहाव्या वस्तूनंतर लोक भिंतीला टेकू लागतात.

एकाच वस्तूपुढे थांबण्याचे सर्वांत ठळक उदाहरण युद्धकाळातले आहे. १९३९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी हलवली गेली. रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारच्या मैफली सुरू केल्या आणि त्या १९४६ पर्यंत चालल्या. १९४२ मध्ये लोकांच्या मागणीवरून दरमहा एकच चित्र परत आणून मांडले जाऊ लागले. या उपक्रमातले पहिले चित्र इटालियन चित्रकार टिशनचे होते. भिंती रिकाम्या असताना त्या एका चित्रासाठी लोक रांगा लावत. ‘महिन्याची वस्तू’ हा आज जगभरच्या लहान संग्रहालयांचा लाडका उपक्रम आहे. त्याला खर्च जवळजवळ नसतो, आणि तो फसतो तो बहुधा निवेदकाला सगळेच सांगून टाकायचे असते म्हणून.

चांगली दालनगप्पा वीस-तीस मिनिटांची असते आणि ऐकणारे इतकेच असतात की मागच्यालाही वस्तू दिसावी. साधे मातीचे भांडे घ्या. पेटीत ते सरळ उभे असते आणि पाटीवर काळ व सापडल्याचे ठिकाण लिहिलेले असते. अभिरक्षकाने, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्याने, ते हातमोजे घालून पालथे केले की बुडावर चाकावरून दोऱ्याने कापल्याच्या वळणदार रेषा दिसतात. आतल्या बाजूला बोटांचे ठसे आणि एका अंगाला काजळी. चाक फिरते होते, भांडे चुलीवर चढत होते, त्याची एकच बाजू ज्वाळेकडे असे, एवढे सगळे ऐकणाऱ्यांना आपले आपणच कळते. पाटीवर हे लिहिता येईल, पण पाटी भांडे पालथे करू शकत नाही. प्रेक्षकांच्या हाती वस्तू द्यायची असेल तर त्यासाठी ‘हाताळणी संग्रह’ वेगळा ठेवतात. त्यात प्रतिकृती असतात किंवा झीज परवडेल अशा वस्तू.

हंगामी कार्यक्रमांचे वेळापत्रक तीन गोष्टींवर बेतलेले असते: शाळांच्या सुट्ट्या, हवामान आणि दिनविशेष. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद १९७७ पासून १८ मे हा संग्रहालय दिन पाळते आणि त्यासाठी दरवर्षी एक विषय देते. १८ एप्रिल हा स्मारके व स्थळांचा, म्हणजेच जागतिक वारसा दिन. रात्री उशिरापर्यंत संग्रहालये उघडी ठेवण्याचा उपक्रम बर्लिनमध्ये १९९७ मध्ये सुरू झाला आणि इतर शहरांनी तो उचलला; युरोपीय संग्रहालय रात्र २००५ पासून मे महिन्यात होते. या दिवशी गर्दी हमखास होते, मात्र ती गर्दी पुढच्या महिन्यात परतत नाही असाच बऱ्याच ठिकाणचा अनुभव. पेरणीच्या दिवसांत शेतीची अवजारे आणि थंडीत लोकरीचे विणकाम असा संग्रहातून निघालेला हंगाम जास्त टिकतो. सणाचा कार्यक्रम घेताना वस्तू नुसती सजावट होऊन बसण्याचा धोका असतो. ज्या समाजाच्या पूजेत किंवा विधीत ती वस्तू आहे, त्याला आखणीतच सामील करून घेणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण चुका टाळण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्गही आहे.

या सगळ्यावर लगाम असतो तो जतनाचा. कागद, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. उजेडाचे नुकसान साठत जाते आणि मागे फिरत नाही. दिवसाचे आठ तास ५० लक्स म्हणजे ४०० लक्स-तास. त्याच दालनात संध्याकाळी तीन तासांचा कार्यक्रम केला की आणखी १५० वाढले. म्हणून चित्रे आणि वस्त्रे आलटूनपालटून मांडतात, आणि पुष्कळदा ‘हंगामी प्रदर्शन’ म्हणून जे जाहीर होते त्यामागे ही विश्रांतीची गरजच असते. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, शिवाय श्वासातून आणि घामातून ओलावा. बंद दालनात शंभर माणसे म्हणजे दहा किलोवॉटचा हीटर लावल्यासारखे आहे. खाणेपिणे, ताजी फुले आणि मेणबत्त्या दालनाबाहेर ठेवण्याचा आग्रह पाहुण्यांना जाचक वाटतो; पण या वस्तूंसोबत वाळवी नाही तरी कसर, भुंगेरे आणि काजळी येते, आणि ती निस्तरायला महिने लागतात.

ज्ञानाचा ओघ उलटाही वाहतो, आणि स्थानिक संग्रहालयाची खरी कमाई इथे आहे. जुन्या छायाचित्रांचा संच पडद्यावर दाखवला की सभागृहातला एखादा वृद्ध माणूस इमारत ओळखतो, एखादी बाई फोटोतल्या अवजाराचे घरगुती नाव सांगते. नोंदवहीत ‘अज्ञात’ म्हणून पडून असलेली वस्तू अशी मार्गी लागते. ‘घरातली जुनी वस्तू घेऊन या’ हा कार्यक्रमही याच धर्तीचा. त्यात तज्ज्ञ वस्तू ओळखून देतात, पण तिची बाजारातली किंमत सांगायचे बहुतेक संग्रहालये टाळतात. नाहीतर सल्ला देणारा आणि वस्तू मिळवू पाहणारा एकच होतो. आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात समाजांच्या सहभागाचा उल्लेख आला, तो मोठ्या संस्थांना नवा वाटला असेल. लहान संग्रहालये नाइलाजाने का होईना, तेच करत आली होती.

यश मोजण्याची पद्धत अजून कच्ची आहे. डोकी मोजणे सोपे म्हणून अहवालांत तीच भरतात. त्यापेक्षा गेल्या वेळचे किती जण पुन्हा आले हा आकडा जास्त बोलका, पण तो ठेवणारी संग्रहालये थोडी. २०२० नंतर ऑनलाइन व्याख्याने वाढली. दूरचा श्रोता मिळाला, ध्वनिचित्रमुद्रणेही साठली. मात्र ज्या वस्तूविषयी बोलणे झाले तिचा नोंदणी क्रमांक मुद्रणाला जोडला नसेल, तर त्यातली माहिती पुढच्या अभिरक्षकाच्या हाती लागत नाही. श्रोत्यांनी सांगितलेल्या आठवणींसाठी त्यांची लेखी परवानगी घेणे, सांगणाऱ्याचे नाव द्यायचे की नाही हे ठरवणे आणि ते टिपण वस्तूच्या नोंदीत चढवणे, ही कामे कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी करायची असतात. आखणीच्या तक्त्यात सहसा तोच दिवस धरलेला नसतो.