लॅडरबॅक खुर्ची: क्लिसेट ते गिम्सन

लॅडरबॅक म्हणजे शिडीसारख्या पाठीची खुर्ची. मागचे दोन उंच खांब, त्यांच्यात शिडीच्या पायऱ्यांसारख्या चार-पाच वाकवलेल्या आडव्या पट्ट्या, खाली कातलेल्या गोल दांड्या आणि बसायला पाणगवताची विणलेली बैठक, बस्स एवढंच. इंग्लंडच्या खेड्यांत अशा खुर्च्या आधीपासूनच व्हायच्या, पण आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतल्या लोकांनी त्या उचलून धरल्या म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलतोय.

ही चळवळ १९व्या शतकाच्या उत्तरार्धातली. कारखान्यात माल भराभर निघतो पण बनवणाऱ्याला कामात काही आनंद उरत नाही, ही चळवळीचा प्रणेता, इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसची मुख्य तक्रार. त्याच्या कंपनीने १८६०च्या दशकातच गवती बैठकीच्या साध्या ससेक्स खुर्च्या विकायला काढल्या होत्या. पुढे अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीने ओकच्या जाडजूड, चौकोनी खुर्च्या केल्या, त्याही याच चळवळीतल्या मानतात, पण मला विचाराल तर चळवळीचा जीव दिसतो तो या हलक्या शिडीवाल्या खुर्चीत.

कारण तिच्यामागे एक म्हातारा कारागीर आहे. फिलिप क्लिसेट (१८१७–१९१३), हेरफर्डशायरमधल्या बॉसबरी गावचा. जेम्स मॅक्लॅरन या स्कॉटिश आर्किटेक्टला त्याचं काम दिसलं, मग लंडनच्या आर्ट वर्कर्स गिल्ड या कलाकार-कारागिरांच्या संघटनेने आपल्या हॉलसाठी त्याच्या खुर्च्या घेतल्या आणि १८९० मध्ये अर्नेस्ट गिम्सन नावाचा २५ वर्षांचा आर्किटेक्ट थेट बॉसबरीला जाऊन त्याच्याकडे काही आठवडे शिकायला राहिला. शिकला-सवरलेला शहरी मुलगा सत्तरी ओलांडलेल्या गावच्या कारागिराकडे उमेदवारी करतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती! क्लिसेट दिवसाला साधारण एक खुर्ची करायचा आणि काम करताना गात असायचा, अशी आठवण गिम्सनचा मित्र आल्फ्रेड पॉवेल याने सांगून ठेवलीय.

लाकूड अ‍ॅशचं. हे झाड आपल्या मोगरा-जाईच्या कुळातलं, क्रिकेटचे स्टंप पारंपरिकरित्या याचेच बनतात. ओलं असतानाच ओंडका पाचर मारून फोडायचा, करवतीने कापायचा नाही, कारण फोडलं की लाकूड स्वतःच्या रेषेने फाटतं, धागे वरपासून खालपर्यंत अखंड राहतात आणि बोटाएवढी दांडीसुद्धा माणसाचं वजन पेलते. मग दोन मुठींच्या सुरीने ती फळी अंगाकडे ओढत तासायची आणि पायाच्या खरादावर चढवायची. या खरादाला वर एक लवचिक काठी, तिची दोरी लाकडाला वेढा देऊन खाली पायपट्टीला बांधलेली, पाय दाबला की लाकूड पुढे फिरतं, सोडला की काठी ते मागे फिरवते, आणि हत्यार लावायचं ते फक्त पुढे फिरताना. पाठीच्या पट्ट्या वाफवून साच्यात वाकवतात.

खरी गंमत सांध्यात आहे. आडव्या दांड्या आधी पूर्ण सुकवतात, खांब मात्र किंचित ओलसरच ठेवतात. सुकी दांडी भोकात ठोकून बसवली की ती खांबातला ओलावा ओढून थोडी फुगते, आणि खांब पुढे सुकत जातो तसा तो तिच्याभोवती आवळत जातो, त्यामुळे खिळ्याची गरजच पडत नाही.

बैठकीचं गवत लव्हाळ्याच्या कुळातलं, नदीकाठचं. उन्हाळ्यात कापून सुकवतात आणि विणायच्या आधी पुन्हा भिजवतात, नाहीतर वळताना तुटतं. दोन-तीन काड्या एकत्र पिळत एकेका कोपऱ्यावरून फिरवत न्यायचं, म्हणजे चारी बाजूंनी चार त्रिकोण आत सरकत मध्ये भेटतात. खुर्ची पुढे रुंद असते म्हणून पुढचे कोपरे आधी भरून घ्यावे लागतात. वरच्या-खालच्या थरांत उरलेले तुकडे ठासतात, त्याने बैठक टणक होते.

गिम्सन पुढे बार्न्सली बंधू या आर्किटेक्ट मित्रांबरोबर इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत राहायला गेला, तिथल्या सॅपर्टन गावी स्थिरावला, आणि त्याच्या डिझाइनच्या खुर्च्या एडवर्ड गार्डिनर करू लागला. गार्डिनरकडे १९३९ मध्ये नेव्हिल नील आला, नेव्हिलकडून त्याचा मुलगा लॉरेन्स शिकला आणि लॉरेन्सने आपल्या उतारवयात दोन नव्या पोरांना तयार केलं, ते आता स्कॉटलंडमध्ये मार्चमाँट इथे खुर्च्या बनवतात. म्हणजे क्लिसेटच्या बॉसबरीपासून ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात अशीच आलीय.

अशी खुर्ची कुणाकडे असेल तर हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, गवत कोरडं पडून तडकतं. बैठकीवर उभं राहू नये. बैठक झिजली तर जुनी कापून त्याच सांगाड्यावर नवी विणून मिळते.