ख्यॉल चाप

कंबोडियातील ख्मेर लोकांत ओळखला जाणारा भीतीचा झटका. ‘ख्यॉल’ म्हणजे वारा, तसाच अंगात खेळणारा वायू. ‘चाप’ म्हणजे धरणे. (रोमन वर्णांतरावरून हा शब्द मराठीत ‘ख्याल’ असा वाचला जातो; गायनातील ख्यालाशी त्याचा संबंध नाही.) एरवी हातापायांवाटे निघून जाणारा वायू अडला, की हातपाय गार पडतात आणि तो रक्तासह वर चढतो, अशी समजूत आहे. मग छाती दडपते, मान ताठते, कान वाजतात, घेरी येते. नुसते बसल्या जागेवरून उठणेही झटक्याला पुरते. मानेच्या शिरा फुटतील, ही धास्ती त्यात मोठी असते.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचा संबंध आयुर्वेदातील वातदोषाशी जोडतात. ख्मेर राजा सातव्या जयवर्म्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेल्या आरोग्यशाळांचे शिलालेख संस्कृतात आहेत; अंगकोरमधील ता प्रोह्म मंदिराच्या लेखात (११८६) त्यांची संख्या १०२ दिली आहे. भारतीय वैद्यकाचा परिचय त्यावरून दिसतो, पण वाऱ्याची कल्पना तेथूनच आली असे ठरत नाही. ‘ख्यॉल’ हा शब्द संस्कृतोद्भव नसून मोन-ख्मेर भाषाकुळातील आहे. शिवाय वारा काढण्यासाठी नाण्याने अंग खरवडण्याचा ख्मेर उपचार चीन, व्हिएतनाम व जावा येथेही रूढ आहे. तेव्हा स्थानिक समजुतीवर दोन्हींकडचे संस्कार झाले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कंबोडियातील ख्मेर रूज या साम्यवादी राजवटीत (१९७५–७९) अंदाजे पंधरा ते वीस लाख माणसे मेली. कालवे-बंधाऱ्यांच्या कामावर उपाशीपोटी मातीच्या कावडी वाहिलेल्यांच्या मानदुखीत त्या स्मृती साठल्या आहेत, असे अमेरिकेत निर्वासितांवर उपचार करणारे डेव्हन हिंटन यांचे प्रतिपादन. आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये आले. त्यात मानेचा किंवा वायूचा उल्लेख नाही. एका समाजात घडलेले निदान दुसऱ्यावर जसेच्या तसे लादण्याला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन ‘वर्गदोष’ म्हणतात. याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतील परिशिष्टात ख्यॉल चापची नोंद झाली. तेथेच भारतातील धातविकारही (वीर्यनाशामुळे अशक्तपणा येतो ही धास्ती) आहे.

‘कोस ख्यॉल’ या उपचारात पाठ, छाती व दंडांवर बाम चोळून नाण्याची कड ओढतात. वळ जितके गडद, तितका वारा जास्त. अमेरिकी रुग्णालयांत मुलांच्या पाठीवरील असे वळ मारहाणीचे समजले गेल्याची उदाहरणे आहेत.